कडी नसलेला शनी

प्रश्न : ताई, नमस्कार. माझं वय ४६, राहतो सुदामानगरात. अकरावीत असताना रामबागेतल्या आमच्या जुन्या घरी मी दुर्बिणीसाठी सहा इंची आरसा घासला होता. पुस्तकात वाचून, आठ महिने, एका रिकाम्या पिंपाभोवती गोल गोल फिरत. नाभीय अंतर ४८ इंच. मामांनी मुंबईहून मुलामा चढवून आणला, नळी मी प्लायवुडची चौकोनी केली. डिसेंबर १९९५ मध्ये पहिल्यांदा शनीवर लावली, तर कडी दिसलीच नाहीत. वहीतली नोंद अशी : '१७ डिसेंबर. शनी गोल, पिवळट. शेजारी एक ठिपका. कडी नाहीत. आरसा चुकला.' पुढे तीन-चार वेळा तेच. २९ डिसेंबरला चंद्रावरची सरळ भिंत दिसल्याची नोंद आहे. मार्च ९६ मध्ये ह्याकुताके धूमकेतू पाहिला तो नुसत्या डोळ्यांनी, दुर्बीण काढलीच नाही. मग बारावी, इंजिनिअरिंग, पुणे, हैदराबाद. वही तिथेच थांबली. गेल्या वर्षी इंदूरला परतलो. ७ सप्टेंबर २०२५ च्या चंद्रग्रहणाला मुलीला गच्चीवर नेलं आणि बोलता बोलता इतकं काही आठवत गेलं की दुसऱ्या दिवशी माळ्यावरची पेटी खाली काढली. आरशावर डाग पडलेत. गच्चीवरून कृत्तिका म्हणजे नुसता धुरकट ठिपका. निम्म्या ताऱ्यांची नावं आठवत नाहीत, आणि नकाशा वाचायला चाळिशी लागते. नवी, मोबाइलवर चित्र दाखवणारी दुर्बीण घ्यावी का? चुकलेला आरसा ठेवून काही उपयोग आहे का? की या वयात हे राहू द्यावं?

— एक वाचक, इंदूर

उत्तर : आरसा टाकू नका. बाकीचं सगळं नंतर बोलू, आधी हे.

तुमच्या पत्रातली १७ डिसेंबर १९९५ ही तारीख वाचली आणि मी उठून माझी त्या हिवाळ्याची डायरी शोधली. आमच्या कॉलेजात तेव्हा चार इंची भिंगाची दुर्बीण होती आणि दर शनिवारी मी बी.एस्सी.च्या मुलांना शनी दाखवत असे. जानेवारी ९६ च्या पानावर माझ्याच अक्षरात आहे : 'कडी जवळजवळ नाहीशी. मुलं नाराज.' तुमचा आरसा चुकला नव्हता. त्या हिवाळ्यात शनीला कडी दिसतच नव्हती, कोणालाच.

हे जरा नीट सांगते, कारण हा गैरसमज तुम्ही तीस वर्षं बाळगलात. शनीची मुख्य कडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजली तर सुमारे दोन लाख ८० हजार किलोमीटर भरतात, पण जाडी म्हणाल तर दहा-वीस मीटरच्या आसपास. एवढं पातळ प्रकरण. पोळपाट डोळ्यांसमोर आडवा, अगदी कडेवरून धरला तर त्याची नुसती रेघ दिसते, तसं. शनीचा अक्ष सुमारे २७ अंशांनी कललेला आहे आणि सूर्याभोवतीची त्याची फेरी साडेएकोणतीस वर्षांची. या एका फेरीत दोनदा अशी वेळ येते की कड्यांची पातळी आपल्याकडे नेमकी कडेने येते. १९९५-९६ मध्ये पृथ्वीने ती पातळी तीन वेळा ओलांडली : २२ मे ९५, १० ऑगस्ट ९५ आणि ११ फेब्रुवारी ९६. शिवाय १९ नोव्हेंबर ९५ ला सूर्यही तिच्या पलीकडे गेला. म्हणजे १९ नोव्हेंबर ते ११ फेब्रुवारी या दिवसांत ऊन कड्यांच्या एका बाजूवर पडत होतं आणि आपण पाहत होतो दुसऱ्या, अंधाऱ्या बाजूकडे, तेही जवळजवळ कडेवरून. तुम्ही आरसा पुरा करून नळी शनीकडे वळवलीत ती नेमकी या बारा आठवड्यांत.

शेजारचा ठिपका बहुधा टायटन असावा. तो ठिपका वेगळा दिसतो आणि शनी 'गोल' दिसतो, यावरूनच आरसा ठीक होता हे कळतं. पण खरा पुरावा तुमच्या २९ डिसेंबरच्या नोंदीत आहे. सरळ भिंत म्हणजे चंद्रावरच्या मेघसागरातला शंभर किलोमीटरहून लांब कडा. अष्टमी-नवमीच्या चंद्रावर ती बारीक काळी रेघ म्हणून दिसते. फसलेल्या आरशातून रेघ अशी दिसत नाही, लोण्यासारखी पसरते. तुम्ही ती पाहिलीत, लिहून ठेवलीत, आणि तरी आरशाला दोष दिलात. त्या वेळी ताळा घ्यायला गुरू असता तर तुमची खात्री पटली असती, पण १९९५ च्या डिसेंबरात गुरू सूर्याच्या आड होता. तोही दार लावून बसलेला.

रामबागेपासून आमचं कॉलेज सायकलवर वीस मिनिटांच्या अंतरावर होतं. एक सोळा वर्षांचा मुलगा आठ महिने काच घासून पहिल्याच रात्री हिरमुसला आणि मी तिथे शेजारीच इतर मुलांना याच गोष्टीचं कारण समजावून सांगत होते, हे मला आता फार लागलं. तुम्हाला हे तेव्हाच कोणी सांगायला हवं होतं.

आता यंदाचं पाहा. शनीची एक फेरी पुरी झाली. २३ मार्च २०२५ ला कड्यांची पातळी पुन्हा आपल्या समोर कडेने आली, आणि मधल्या २००९ च्या खेपेसारखी उलट्या बाजूने नव्हे, १९९५ मध्ये आली होती त्याच बाजूने. नोव्हेंबरच्या अखेरीला कड्यांचा कल अर्ध्या अंशाहूनही कमी होता. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा तो नुकता वाढायला लागलेला असेल. तेव्हा आणि आता यांत फरक इतकाच की या वेळी उजळ बाजू आपल्याकडे आहे. म्हणून गोळ्याच्या दोन्ही बाजूंना सुईसारखी रेघ दिसायला हवी. डिसेंबरात संध्याकाळी सातला डोक्यावर महाश्व या तारकासमूहाचा मोठा चौकोन असतो. त्याची पूर्वेकडची बाजू, म्हणजे उत्तराभाद्रपदाचे दोन तारे जोडणारी रेघ, तशीच दक्षिणेकडे वाढवा. तिथे जो एकटा पिवळट, न लुकलुकणारा दिसेल तो शनी. २६-२७ डिसेंबरला चंद्र त्याच्याजवळ असेल, तेव्हा मुलीलाही दाखवता येईल. पुढे दरवर्षी कडी उघडत जातील आणि २०३२ च्या सुमारास पूर्ण फाकलेली दिसतील. सुरुवातीपासून हा क्रम बघायला मिळणं हे भाग्याचं आहे. तुम्हाला ते याच आरशातून मिळावं असं मला मनापासून वाटतं.

आरशाचं म्हणाल तर काच म्हातारी होत नाही. तुम्ही घासून जो आकार दिलात तो आजही तसाच आहे. खराब झालाय तो वरचा ॲल्युमिनियमचा मुलामा, आणि त्याची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी असते. आणखी एक गोष्ट तुम्हाला पुस्तकाने कदाचित सांगितली नसेल. सहा इंची आरसा आणि ४८ इंच नाभीय अंतर हे माप नवख्यांना देतात त्याला कारण आहे. या मापात आरसा निव्वळ गोलाकार राहिला, अन्वस्ताचा (पॅराबोलाचा) शेवटचा हात द्यायचा राहून गेला, तरी फरक प्रकाशाच्या तरंगलांबीच्या पाव भागाच्या आसपासच राहतो आणि डोळ्याला सहसा जाणवत नाही. म्हणजे चुकायला तिथे जागाच कमी होती.

आधी आरसा धुवा. पुसू नका, धुवा. अंगठी, घड्याळ काढून ठेवा. बादलीत तळाशी टॉवेल घाला, वरून नळाचं कोमट पाणी सोडा आणि धूळ आपसूक निघू द्या. मग भांड्याच्या साबणाचा एक थेंब घातलेल्या पाण्यात कापसाचा बोळा भिजवून तो नुसता स्वतःच्या वजनाने आरशावरून एकदाच ओढा, की टाकून द्या. पुढच्या वेळी नवा बोळा. शेवटी इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी आणतो ते डिस्टिल्ड वॉटर वरून ओता, कारण आपल्या नळाचं पाणी वाळलं की पांढरे ठिपके ठेवून जातं. आरसा कडेवर उभा करून वाळू द्या. वाळल्यावर त्यामागे टॉर्च धरा. टाचणीने टोचल्यासारखी थोडी भोकं दिसली तर हा हिवाळा त्यावरच काढा. आभाळ चाळणीतून पाहिल्यासारखं दिसायला लागलं तर मुलामा नव्याने द्यावा लागेल. जुना मुलामा घरी आम्लाने काढायच्या भानगडीत पडू नका, मुलामा देणारेच तो काढून देतात. सध्या ही कामं कोण करतं याची चौकशी पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेकडे करा. १९४४ पासूनची हौशी मंडळींची संस्था आहे, आरसे घासणारी माणसं तिथे भेटतात.

मग आरसे सरळ रेषेत आणायचे. फोटोच्या रोलची काळी डबी घरात कुठे सापडली तर जपून ठेवा. झाकणाच्या मधोमध बारीक भोक पाडायचं, बूड कापायचं, आणि ती डबी आयपीसच्या, म्हणजे आपण डोळा लावतो त्या भिंगाच्या, जागी बसवून आत पाहायचं. नळीच्या तोंडाशी असलेल्या छोट्या तिरक्या आरशात मोठा आरसा मधोमध दिसेपर्यंत आधी छोट्याचे स्क्रू, मग मोठ्याच्या मागचे तीन स्क्रू. पहिल्या रात्री तासभर लागेल, महिन्याभराने दोन मिनिटं.

या सगळ्यानंतरही शंका उरलीच तर यंदा गुरू आहे. मिथुनेत, पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ, दहाच्या सुमाराला पूर्वेला चांगला वर आलेला असतो. १० जानेवारी २०२६ ला तो सूर्याच्या बरोबर समोर येईल. १० मिलिमीटरच्या आयपीसने तुमची दुर्बीण १२० पट वाढवते. दोन गडद पट्टे आणि चार चंद्र स्वच्छ दिसले की प्रश्न मिटला. आणखी बारकाईने पाहायचं तर एखादा मध्यम तेजाचा तारा घ्या आणि फोकस थोडा आत, मग तेवढाच बाहेर न्या. दोन्हीकडची वर्तुळं सारखी दिसली तर तुम्ही सोळाव्या वर्षी उत्तम काम केलं होतं. आणि हो, सरळ भिंत. २८ किंवा २९ डिसेंबरच्या संध्याकाळी चंद्र जवळजवळ तसाच असेल, जसा १९९५ च्या २९ डिसेंबरला होता. तीस वर्षांत चांद्रमासांचा हिशेब असा जुळून येतो. वहीतलं ते पान उघडूनच गच्चीवर जा.

डोळ्यांविषयी. चाळिशीचा नंबर दुर्बिणीला अडवत नाही, फोकसचं चाक फिरवलं की तो भरून निघतो. चष्मा नकाशासाठी लागतो, तेव्हा तो दोरीने गळ्यात अडकवा. तिरका नंबर जास्त असेल तर मात्र चष्मा लावूनच पाहा, तो फोकसने जात नाही. तरुणपणी बाहुली अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडते, पन्नाशीकडे पाचच्या आसपास. तुमच्या दुर्बिणीला २५ मिलिमीटरचा आयपीस लावला तर त्यातून बाहेर पडणारी प्रकाशाची शलाका तीनच मिलिमीटरची असते, म्हणजे आरशाने गोळा केलेला सगळा प्रकाश अजूनही तुमच्या डोळ्यात मावतो. अंधाराला सरावायला अर्धा तास द्या आणि त्या अर्ध्या तासात मोबाइल खिशातून काढू नका. टॉर्चवर लाल जिलेटिन दुहेरी गुंडाळा.

आभाळ. इथे खोटा दिलासा देणार नाही. रामबागेच्या गच्चीवरून तुम्ही जे पाहत होतात ते आता इंदुरात कुठूनच दिसत नाही. माझ्या लोकमान्यनगरातल्या गच्चीवरून १९९० मध्ये मी देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी दाखवत असे; आता तिच्या जागेवर बोट ठेवते आणि द्विनेत्रीतून (बायनॉक्युलरमधून) दाखवते. पांढरे एलईडी आले, बायपासपलीकडेही वस्ती गेली. याचं मला दुःख आहे आणि ते कमी होत नाही. पण चंद्र, ग्रह, जोडतारे यांचं शहराच्या उजेडाने काही बिघडत नाही. पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसा, म्हणजे रस्त्यावरचा दिवा थेट डोळ्यात येणार नाही. डोक्यावरून आणि आयपीसवरून काळं कापड घ्या. मावठा, म्हणजे थंडीतला पाऊस, पडून गेल्यावरच्या दोन-तीन रात्री सोडू नका, धूळ बसलेली असते.

महिन्यातून एकदा, अमावास्येच्या आसपास, महूच्या पुढे जा. जानापावच्या टेकडीवरून उत्तरेला इंदूर-पीथमपूरचा उजेड दिसतो, पण दक्षिणेकडे जमीन निमाडात उतरते आणि तिथलं आभाळ अजून खूप काळं आहे. तिथून अगस्त्य बघा. आपल्या अक्षांशावर तो क्षितिजापासून जेमतेम साडेचौदा अंश वर चढतो आणि व्याधाच्या वीसेक मिनिटं आधी मध्यावर येतो. गावातून तो कुठल्या ना कुठल्या इमारतीमागेच असतो. एकटे जाऊ नका, त्या रानात बिबट्या आहे. चार जण, एक गाडी, आणि देवळाच्या आवारात आधी विचारून.

आता नावं विसरलात त्याबद्दल. १९९८ मध्ये सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि माझं आकाश सुटलं ते अकरा वर्षं. परत आले ती २२ जुलै २००९ च्या सकाळी. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा इंदुरावरून गेला. आभाळ गच्च भरलेलं, सूर्याचा पत्ता नाही, आणि तरी साडेसहाच्या आधी काही मिनिटं सगळीकडे रात्र पडली. साधारण तीन मिनिटं. समोरच्या कडुलिंबावरचे कावळे एकदम गप्प झाले. मी गच्चीवर ओल्या कठड्याला धरून उभी होते, दिसलं काहीच नाही, आणि मला हुंदका आला. वर सगळं आपापल्या वेळेवर चाललं होतं, मी नव्हते तरी. त्या रात्रीपासून ढग फाटतील तेव्हा वर जायला लागले. आधी एकही नाव सांगता येईना. पण हस्त कुठे असेल तिकडे मान आपोआप वळायची, नाव मागाहून यायचं, कधी भाजी चिरताना दुपारी. तुम्ही एका वेळी एकच नक्षत्र घ्या. हा महिना फक्त मृग. काक्षी (बीटलजूस), राजन्य (रायगेल), पोटातले बाणाचे तीन तारे, खालचा तेजोमेघ, मागे व्याध. ते पुरं हाताखालून जाऊ द्या. पुढच्या महिन्यात पुनर्वसू.

मृगात एक कामही आहे, दुर्बीण न लागणारं. काक्षीचं तेज बदलतं. एरवी तो प्रश्वा या ताऱ्याच्या जवळपास आणि रोहिणीपेक्षा उजळ असतो. फेब्रुवारी २०२० मध्ये तो रोहिणीपेक्षाही बराच मंद झाला, नेहमीच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर आला होता. ताऱ्याने फेकलेला वायू थंड होऊन त्याची धूळ झाली आणि ती आपल्या बाजूला आडवी आली. तुम्ही तेव्हा वर पाहत नव्हतात म्हणून चुकलं. दर आठवड्याला दोघांशी तुलना करून वहीत एक ओळ लिहा. अमेरिकेतली एएव्हीएसओ ही तेज बदलणाऱ्या ताऱ्यांच्या निरीक्षकांची संस्था १९११ पासून जगभरच्या हौशी लोकांच्या अशा नोंदी गोळा करते आणि संशोधक त्या खरोखर वापरतात. इंदूरच्या गच्चीवरची ओळही त्यात चालते.

मोबाइलवर चित्र दाखवणाऱ्या दुर्बिणीचं मी वाईट बोलणार नाही. शहरातून अंधूक दीर्घिका आणि तेजोमेघ पाहायचे तर पुष्कळ छोटे फोटो एकावर एक रचणारं ते यंत्र डोळ्यापेक्षा सरस ठरतं. पण तुमच्या पत्रात मला फोटोची ओढ कुठे दिसली नाही. तुम्हाला त्या आरशाचं काय झालं ते हवंय. वर्षभर काही विकत घेऊ नका. आयपीसला बुरशी आली असेल तर तेवढा एक नवा घ्या, आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

तुम्ही पेटी बंद केलीत तेव्हा शनीचे १८ उपग्रह माहीत होते. मार्च २०२५ मध्ये एकदम १२८ नव्यांची भर पडली आणि आकडा २७४ झाला. मधल्या काळात कॅसिनी यान तेरा वर्षं तिथे फिरून २०१७ मध्ये शनीतच विरून गेलं. हे सगळं वाचायला थंडीच्या ढगाळ रात्री आहेत. निरभ्र रात्री वाचत बसू नका.

आणि वही नवी आणू नका. तीच काढा. 'आरसा चुकला' हे खोडू नका, त्याच्या खाली आजची तारीख घाला आणि दिसेल ते लिहा. काय दिसलं ते मला कळवा, मी वाट पाहते.

प्रश्न : नातवासाठी दुर्बीण घ्यायची आहे. खोक्यावर '६७५ पट' लिहिलंय, भिंग ७० मिलिमीटरचं. घेऊ का?

— आजोबा, देवास

उत्तर : खोक्यावरचा आकडा विसरा. भिंगाच्या व्यासाच्या मिलिमीटरमागे जास्तीत जास्त दोन पट धरायचे, म्हणजे ७० मिलिमीटरला १४० पट. त्यापुढे चित्र मोठं होतं, पण नुसतं धूसर. स्टँडला हात लावला की ते डुगडुगतं का, हे दुकानातच पाहा, कारण पोरं त्याच कारणाने कंटाळतात. माझं ऐकाल तर पहिल्या वर्षी १० बाय ५० ची द्विनेत्री घ्या. चंद्र, कृत्तिका, मृगातला तेजोमेघ, सगळं दिसतं, आणि तुम्हीही ओट्यावर बसून पाहाल.

प्रश्न : आमच्या शाळेत मुलांना शून्य सावली दाखवायची आहे. इंदुरात दिसते का? कधी?

— एक शिक्षिका, इंदूर

उत्तर : दिसते. कर्कवृत्त आपल्या उत्तरेला आहे, म्हणून सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो : ६-७ जूनला आणि पुन्हा ६ जुलैच्या आसपास. जुलैत ढग असतात, तेव्हा जूनचाच दिवस धरा. शाळा बंद असेल, पण मुलं बोलावली की येतात. घड्याळात बारा वाजता बघू नका. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, आपण पंचाहत्तरच्या पुढे थोडेसेच, त्यामुळे इंदूरची खरी दुपार त्या दिवसांत बारा पंचवीसला होते. उभी बाटली, सरळ नळी, काहीही चालेल. तळ समतल हवा. उज्जैनला हीच गोष्ट सुमारे १२ जूनला. एखाद्या वर्षी मुलांना तिथल्या वेधशाळेतही न्या. सवाई जयसिंगाची यंत्रं मोडकळीला आली होती, १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी ती दुरुस्त करवली आणि गोविंद सदाशिव आपटे तिथले अधीक्षक झाले. सम्राट यंत्राच्या सावलीवरून वेळ वाचली की हीच तफावत मुलांना स्वतः सापडते.

प्रश्न : माझं वय ७४. लहानपणी वडिलांनी तारे दाखवले होते. दोन महिन्यांपूर्वी मोतीबिंदू काढला. आता आकाश बघण्यात काही अर्थ आहे का?

— एक आजी, रामबाग

उत्तर : आजी, माझाही काढला, सहासष्टाव्या वर्षी. जुनं भिंग पिवळं पडलेलं असतं आणि इतकं हळूहळू पडतं की आपल्याला कळतच नाही. ते निघालं आणि महिनाभराने डॉक्टरांनी हो म्हटल्यावर मी गच्चीवर गेले. तुम्हीही डॉक्टरांना विचारा, कोणाचा तरी हात धरून पायऱ्या चढा. रात्री साडेनऊला पूर्वेला पाहा. मृग आडवा पहुडलेला असेल, पोटातल्या बाणाचे तीन तारे एकावर एक उभे. डाव्या हाताला तांबूस काक्षी. उजव्या हाताला राजन्य, तो बघा. मी तो पन्नास वर्षं पांढरा समजत होते. निळा आहे.